उणे एक

वेइक्का, तुझा पॅच वाचतेय.
दुपारचे तीन. ओउलूत अंधार होऊन तास झाला,
खाली सायकलींच्या सीटांवर वीतभर बर्फ,
आणि तुझ्या दोनशे बाराव्या ओळीशी
माझी कॉफी गार.

काम नेटकं आहे. हे आधीच सांगते,
कारण पुढचं सगळं तक्रारीसारखं वाटेल.

तू फाइल उघडतोस, लिहितोस,
लिहिणं फसलं की उणे एक परत करतोस.
ठीक.
पण परतण्याआधी फाइल बंद करतोस,
तात्पुरती नक्कल पुसायला जातोस
(ती एव्हाना नसतेच),
आणि या सगळ्या सारवासारवीत
अठ्ठावीसचे दोन होतात.

कर्नल तुला म्हणाला होता: डिस्कवर जागा नाही.
तू वर कळवलंस: अशी फाइलच नाही.

आखातात एखाद्या बर्फफोड्या जहाजावर
पहाटे चारला कुणीतरी डोळे चोळत
न हरवलेली फाइल शोधत बसेल,
आणि डिस्क, गळ्यापर्यंत भरलेली,
मूग गिळून शेजारी.

माझे वडील केमीच्या कागद गिरणीत होते,
तीन नंबरच्या मशीनवर.
कागद तुटला की सगळे धावायचे,
ओला लगदा ओढायचा, रूळ मोकळे करायचे,
मिनिटाला पैसे जातात म्हणून.
वडील आधी अर्धा मिनिट नुसते उभे राहायचे.
कानामागची पेन्सिल काढून:
कुठे तुटला, कुठल्या काठाने, वाफ किती होती.
मगच हात घालायचे.
लोक त्यांना पेन्सिल कल्लुंकी म्हणायचे,
कौतुकाने नाही.

एका फेब्रुवारीत ते आजारी रजेवर होते.
त्या पाळीची वही मी पाहिली आहे.
साफ केलं, सुरू केलं.
साफ केलं, सुरू केलं.
नऊ वेळा, एकाच अक्षरात.
दहाव्या वेळी रेइनोची दोन बोटं गेली.
वहीत त्यापुढेही तेच लिहिलंय:
साफ केलं, सुरू केलं.

हे सगळं मी तुझ्या ओळीखाली लिहिलं होतं.
मग खोडलं.
मग जरा कडक लिहिलं, तेही खोडलं.
मग सवयीने काढून पाहिलं
हा साचा तू उचललास कुठून.

नव्वदावी ओळ.
अकरा वर्षांपूर्वीची, नोव्हेंबरातली.
नाव माझं.

अकरा वर्षं ती ओळ उणे एक म्हणत राहिली
आणि कशामुळे ते कधीच खरं बोलली नाही,
आणि मी, पेन्सिलवाल्याची मुलगी,
दर हिवाळ्यात इतरांच्या ओळी तपासत बसले.

तर दुरुस्ती एवढीच:
चूक हातात आली की
पहिल्यांदा तिचा आकडा बाजूला ठेव,
एका साध्या चलात. नाव काहीही दे.
मग बंद कर, पूस, आवर, काय ते निस्तर.
आणि जाताना तो आकडा
होता तिथे परत ठेव.
तीन ओळी. चारही नाहीत.

राहिलं बंद करणं.
तेही फसू शकतं, आणि तू त्याचं उत्तर ऐकत नाहीस.
ऐकून काय करायचं
हे मलाही नीट ठाऊक नाही.
एवढं ठाऊक आहे, पुन्हा बंद करायला जाऊ नकोस.
सुटलेला क्रमांक लगेच दुसऱ्याला मिळतो.
आपण जुनं दार नीट लागलं का बघायला जातो
आणि आत कुणीतरी
नुकतं सामान लावत असतं.

मंजूर करत नाहीये. अजून नाही.
तू दोनशे बारा बघ.
नव्वद मी बघते,
आज रात्रीच,
आधी लिहून ठेवून.